खातरजमा

निवारा केंद्रात तिला सगळे खातरजमाबाई म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता. नदी शहरात शिरली तेव्हा टेकाडावरच्या शाळेत हे केंद्र उघडलं, आणि चुकलेली माणसं त्यांच्या माणसांच्या हवाली करायचं काम तिच्याकडे आलं. समाजसेविका म्हणून तिची उमेदीची वर्षं याच कामात गेली होती. होडीतून, ट्रकमधून, कुणाच्या खांद्यावरून माणसं यायची. धडधाकट माणूस आपलं नाव सांगून मोकळा व्हायचा. पण बोलता न येणारी लेकरं आणि बोलणं हरवलेली म्हातारी माणसं वर्गांमधून बसून राहायची. मग दारात कुणीतरी येऊन म्हणायचं, "हे आमचं माणूस."

"कशावरून?" ती विचारायची.

मागे एका भूकंपात एक गोडबोल्या एका मुक्या मुलीचा मामा म्हणून आला होता. त्याच्याकडे फोटो होता, कागद होते, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. मुलगी त्याच्याबरोबर गेली आणि खरा मामा नंतर आला. ती मुलगी ज्या बाईच्या हातून गेली ती हिची मैत्रीण. तोंड मैत्रिणीचं पोळलं, पण ताक फुंकून प्यायची सवय हिला लागली.

तेव्हापासून तिचे नियम ठरलेले. माणूस आधी दाखवायचं नाही. आधी तीन प्रश्न, आणि तेही असे की ज्यांची उत्तरं शेजाऱ्याला किंवा फोटोला ठाऊक नसतात. ताटात काय टाकते? घाबरली की काय करते? काही हवं असलं की कसं सांगते? एकाच माणसावर दोघांनी हक्क सांगितला तर दोघांना तेच प्रश्न. आणि केंद्रातल्या कुणाचं स्वतःचं माणूस असेल, तर त्याने टेबलावरून उठायचं, प्रश्न दुसऱ्याने विचारायचे.

लोक वैतागायचे. "माझ्याच पोराला न्यायला मी परीक्षा देऊ?" असं एका आईने तिला खडसावलं होतं. एक पुतण्या म्हणाला होता, "काकू रात्री घोरते, बास?"

"घोरणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. पुढे बोला."

पुतण्या रांगेतून निघून गेला. काकू शेवटी आपल्या मुलीबरोबर गेली. अशी एकदोन प्रकरणं झाली की बाईला आपल्या नाकावर आणखी विश्वास बसायचा. आणि नाक एकदा तीक्ष्ण झालं की ते ऑफिसात काढून ठेवता येत नाही, घरीही बरोबर येतं.

घरी आई होती. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. दिवसा एक मावशी यायची, पण पुराने मावशीचंच घर गेलं, मग ती कुठली यायला. दादा नदीच्या पल्याड नोकरीला, आणि पूल पाण्याखाली. अशा वेळी दादाची बायको, म्हणजे वहिनी, दारात येऊन उभी राहिली. तिचं भाड्याचं घर छपरापर्यंत बुडालं होतं. हातात एक पिशवी, अंगावरचे कपडे ओले.

"वन्सं, ठेवून घेता का?" वहिनीने हसत विचारलं. हे 'वन्सं' ती मुद्दाम म्हणायची, जुन्या काळच्या सुनेची नक्कल करत. नणंदेला त्या हसण्यात कधी गंमत वाटली नव्हती. दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, पण जमलंही नव्हतं. भांडण होण्याइतकं जवळ दोघींपैकी कुणी आलंच नव्हतं.

पण अडला हरी. ती वहिनीला "राहा" म्हणाली, औषधं कुठे आहेत ते दाखवलं आणि केंद्रावर गेली. उजाडायच्या आत निघायचं, आई झोपलेली. परत यायचं तेव्हा आई पुन्हा झोपलेली. लोकांचे आजी-आजोबा सुखरूप घरी पोचवताना आपली आई जागी असलेली पाहिली नाही, हे तिला टोचायचं. टोचायचं म्हणजे चांगलंच टोचायचं, पण टोचतं म्हणून सुट्टी कोण देतो?

एकदा झोपलेल्या आईचं पांघरूण सारखं करताना तिला दिसलं, आईच्या डाव्या हातात सोन्याची बांगडी नाही. आई ती आंघोळीलासुद्धा काढत नसे.

"वहिनी, आईची बांगडी कुठाय?"

"काढून ठेवलीय." वहिनी भांडी विसळत होती, तिने मान वळवली नाही.

"का?"

"लागत होती त्यांना."

"इतकी वर्षं नाही लागली ती?"

"आता लागते," वहिनी म्हणाली, आणि नळ मोठा केला.

तेवढंच. कमी बोलणारी माणसं तिला केंद्रात फार आवडायची, घरात मात्र तेच संशयाला कारण झालं. खोटं बोलणारा माणूस एक तर फार बोलतो, नाही तर अजिबात बोलत नाही, असं ती नव्या कार्यकर्त्यांना शिकवायची. या हिशोबाने जगात खरं बोलणारं कुणी उरतच नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने आईचा हात उजेडात धरून पाहिला. मनगटाच्या आतल्या अंगाला काळंनिळं झालं होतं, आणि भोवती फडकं आवळल्याचा वण होता. उशीखाली हात घातला तर मऊ कापडाची एक पट्टी निघाली, गाठ मारून मारून चुरगळलेली. असे वण तिने कामात पुष्कळ पाहिले होते. आजारी माणसाची कटकट नको म्हणून त्याचा हात खाटेला बांधून ठेवणारे मुलगे, सुना, नोकर, सगळे तिने पाहिले होते. हात बांधणारे लोक राक्षसासारखे दिसत नाहीत. ते भांडी विसळताना दिसतात.

ती वहिनीला काहीच बोलली नाही. चोराला विचारून चोरी सापडत नाही. घर आईच्या नावावर होतं, आणि तो विचार मनात येऊ नये असं वाटत असतानाच तो येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. "मला काय करायचंय बाई, मी कशाला कुणाच्या मध्ये पडू," असं म्हणून ती मधोमध पडली. "पण तुम्ही गेलात की तुमची भावजय दार लावून घेते, ते दिवसभर उघडत नाही. मी दोनदा वाजवलं. आत माणसं आहेत, आणि दार उघडत नाही म्हणजे काय? आणि आवाज येतात."

"कसले आवाज?"

"आधी काहीतरी आदळतं. मग ही ओरडते. पुन्हा आदळतं, पुन्हा ओरडते. सारखं आपलं तेच."

"ओरडते म्हणजे काय म्हणते?"

"बंद दारातून काय कळणार? पण मायेने कुणी असं ओरडत नाही, एवढं मला कळतं."

कामात तिचा एक ठोकताळा होता. एक खूण म्हणजे शंका, दोन खुणा म्हणजे प्रश्न, तीन खुणा दिसल्या की माणूस आधी उचलायचं, चौकशी मागाहून. इथे बांगडी होती, वण होता, बंद दार होतं, आणि वर ओरडणं. परक्याची आई असती तर तिने कालच उचलली असती. स्वतःची आहे म्हणून एक रात्र वाया घालवली, याची तिला लाज वाटली.

केंद्राच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका तिच्या शब्दाबाहेर नव्हते. वहिनी सकाळी कोपऱ्यावर टँकरच्या पाण्याला जाते, हे तिला माहीत होतं. तेवढ्यात दोघांनी स्ट्रेचर वर नेलं. तिने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. आई नुकती डोळे उघडत होती. मनगटाला तीच पट्टी गुंडाळलेली होती. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पट्टी उपसून फेकली, औषधांचा डबा घेतला, तपासण्यांचे कागद घेतले, दोन कपडे घेतले, आणि आईला खाली आणलं.

"बाई, घरात काही सांगून ठेवलंत?" काकांनी गाडी सुरू करताना विचारलं.

"नाही."

"वहिनी शोधत बसतील की."

"शोधू देत. शोधते की नाही, तेच बघायचंय मला."

काकांनी गिअर टाकला. तिला हे बोलताना वाईट वाटलं, पण पटलंही. खरी माया असेल तर धावत येईल. नसेल तर पिशवी उचलून निघून जाईल, बांगडीसकट. फोन लागत नव्हतेच, तेव्हा परीक्षा चोख होणार होती.

गाडीत तिचा अर्धा वेळ वॉकी-टॉकीवर गेला. दोन ट्रक येत होते, जागा कुठे करायची ते अधिकारी विचारत होते. चिखलाचा आणि मेलेल्या जनावरांचा वास म्हणून तोंडाला मास्क होता. मधूनच ती आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, घाबरू नको, मी आहे." आई टक लावून तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात ओळख नव्हती. बाईने मनात म्हटलं, काय अवस्था करून ठेवलीय हिची.

म्हाताऱ्यांच्या वर्गात सिस्टर होत्या. निवृत्त झालेल्या, अंगाने भारी, जिभेने त्याहून. त्यांच्या हवाली आईला करून "आलेच मी" म्हणून ती टेबलावर गेली, आणि ट्रक आले. एका बाईचं बाळ दुसऱ्या होडीत गेलं होतं. दोन भावांनी एकाच आजोबांवर हक्क सांगितला, आणि दोघेही खरे निघाले, फक्त एकमेकांशी बोलत नव्हते. तिचं 'आलेच' लांबत गेलं.

सिस्टर दारातून डोकावल्या. "अहो, तुमच्या आई दूध घेत नाहीयेत. ओठ मिटून बसल्यात. आणि खाटेच्या दांड्यावर हात आपटतायत. मी उशी लावली तर उशी सरकवून आपटतात. काय हवंय त्यांना?"

"दुखत असेल. नाही तर भेदरलीय. कुणास ठाऊक काय काय सोसलंय तिने. दुखण्याची गोळी द्या."

"तुम्ही येऊन बघता का जरा?"

"येते. एवढी रांग संपू दे."

रांग कधी संपते? ती एका डोळ्याने फाटकाकडे बघत होती. वहिनी दिसत नव्हती. दुपार कलायला आली तरी दिसली नाही. तिच्या मनात एक वाईट समाधान पसरलं. आपलं नाक चुकत नाही. असं समाधान वाटलं याचंही तिला वाईट वाटलं, पण नंतर.

आणि मग फाटकातून वहिनी आली. छातीपर्यंत चिखल, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी आणि रक्ताळलेला. ती रांगेत थांबली नाही. टेबलापाशी येऊन एका हाताने टेबलाची कड धरून, दुसऱ्या हाताची मूठ मिटून उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, आणि या वेळी त्यात नक्कल नव्हती. "वन्सं, आई घरात नाहीत. मी पाण्याला गेले होते. दार उघडं होतं. चौकीत जाऊन आले, दवाखान्यात जाऊन आले, बाजारातल्या केंद्रावर बघितलं. इकडचा रस्ता बंद होता, म्हणून पाण्यातून आले. मला मारा हवं तर. पण आधी कुणाला तरी पाठवा."

बाईने तिच्याकडे पाहिलं. हे रडणं खरं होतं का? त्या मामाचंही खरंच वाटलं होतं.

"बसा वहिनी," ती म्हणाली. "आधी तीन प्रश्न आहेत."

"कसले प्रश्न?" वहिनीला काही कळेना.

सिस्टर मागेच उभ्या होत्या. त्यांनी एकदा वहिनीच्या पायाकडे पाहिलं, एकदा बाईकडे. "थांबा. आई इथे आहेत हे यांना माहीत नाही? तुम्ही सांगून आणलं नाहीत?"

वहिनीच्या हाताची टेबलावरची पकड सुटली. ती खालीच बसली. "इथे आहेत?" एवढंच म्हणाली. "इथे आहेत ना? बऱ्या आहेत ना?"

"उठा," सिस्टर म्हणाल्या. त्या वहिनीला म्हणत नव्हत्या. "उठा खुर्चीतून. स्वतःचं माणूस असेल तर टेबलावरून उठायचं. तुमचाच नियम आहे ना? आणि इथे दोघी आहात, तेव्हा दोघींना तेच प्रश्न. आधी तुम्ही."

रांगेतले लोक बघत होते. बाई उठली. उठावंच लागलं.

"ताटात काय टाकतात?"

"आई काही टाकत नाही. आम्हालाही कधी टाकू दिलं नाही. ताट घासायची गरज पडू नये, असं जेवायची."

"घाबरल्या की काय करतात?"

"ओरडते. मी लहानपणी पडले की आधी ओरडायची, मग..." ती थांबली. आईची वाचा जाऊन किती तरी काळ लोटला होता. "आता काय करते, ते..."

"तिसरा. सकाळपासून खाटेवर हात आपटतायत. त्यातून काय सांगतायत?"

"दुखतंय म्हणून. किंवा कुणी हात बांधून ठेवला असेल, म्हणून." हे बोलताना तिने वहिनीकडे रोखून पाहिलं.

वहिनीने बघणं टाळलं नाही. ती जमिनीवरून उठून बाकावर बसली आणि शहाण्या मुलीसारखी उत्तरं देऊ लागली. परीक्षा कशाची आहे हे तिला अजून नीट कळलंच नव्हतं. आई मिळणार, एवढंच कळलं होतं.

"सगळंच टाकतात आता. शीत घशात अडकतं. भात कुसकरून गाळून द्यावा लागतो. दूध पेल्याने देऊ नका, ओठ मिटतात. चमच्याने, डाव्या गालातून."

सिस्टरनी हातातल्या दुधाच्या पेल्याकडे पाहिलं.

"घाबरल्या की चष्मा चाचपतात. चष्म्याशिवाय दोन हातांवरचं माणूस कळत नाही त्यांना. आणि हा तर घरीच राहिला." तिने मुठीतून चष्मा काढला. पाण्यातून येताना तो तिने डोक्यावर धरून आणला असावा, कारण तिच्या अंगावर कोरडं असं तेवढंच होतं. "चष्मा खिडकीत दिसला तेव्हाच मी पळत सुटले. म्हटलं, ज्याने नेलं त्याला एवढंसुद्धा माहीत नाही."

बाईचा हात आपोआप तोंडावरच्या मास्ककडे गेला.

"आणि हात," सिस्टर म्हणाल्या, "हात का आपटतात?"

"दोनदा आपटतात, थांबतात, मग एकदा. असंच ना?"

"असंच."

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं झालं तिला. मग म्हणाली, "ती वन्संची दार वाजवायची पद्धत आहे. माझं नवं लग्न झालं होतं, तेव्हा ते दार मीच उघडायचे. टक टक, आणि मग एक टक. आई आतून म्हणायच्या, उघड गं, ती आली. पुढे वन्संनी किल्ली करून घेतली, मग वाजवणं थांबलं. आता बोलता येत नाही, तर आई ते वाजवून विचारतात. आली का, म्हणून. दिवसभर विचारतात. मी सांगते, येईल, येईल. कानाने कमी झालंय फार, म्हणून मोठ्याने सांगावं लागतं. बांगडी दांड्यावर आपटून हात फुटायला लागला, म्हणून ती काढून तांदळाच्या डब्यात ठेवली. हाताला मऊ पट्टी गुंडाळते. तेवढाच मार कमी लागतो."

"आणि दार?" बाईने विचारलं. "दार का लावून घेता?"

"कुणी दार वाजवलं की त्यांना वाटतं, तुम्ही आलात. मग ती खालची शेजारीण निघते. आई दोनदा रडल्या. मग मी दार उघडणंच सोडलं."

"मला सांगायचं होतंत, वहिनी."

"काय सांगू? तुम्ही चिखलातून येता, उभ्याउभ्या जेवता. त्यात आई दिवसभर तुमची वाट बघतात, हे तुमच्या पानात वाढू? आणि तुम्ही विचारायचात तेही असं, की मी जणू या रांगेतच उभी आहे."

सिस्टरनी टेबलावर तळहात ठेवला. "खातरजमा झाली. ताबा यांच्याकडे. तुमची काही हरकत?"

"नाही," बाई म्हणाली. तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण जमिनीची तेव्हा पाण्यानेच पुरेवाट झाली होती.

वर्गातून आवाज येत होता. टक टक. टक.

वहिनी पुढे गेली. बाई पाठोपाठ गेली, मास्क काढून. वहिनीने आधी आपला हात कपड्याला पुसला, मग आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि आईच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आई! आली! ती आली बघा!"

वर्गातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी दाराकडे माना वळवल्या. त्या सगळ्यांच्या मधून तिला आईपर्यंत चालत जावं लागलं.

आईने तिला पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिच्या गालावर बोटं फिरवली, तिची हनुवटी धरली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "खातरजमाबाई, ट्रक आलाय!" ती सवयीने खाटेवरून अर्धी उठली. "बसा," सिस्टर म्हणाल्या, "आज टेबल माझं." वहिनीने तिच्या हातात दुधाची वाटी आणि चमचा दिला. "डाव्या गालातून," तिने आठवण केली.

आई तीन-चार चमचे प्यायली. मग तिने हात उचलला आणि खाटेच्या दांड्यावर आपटला. टक टक. टक.

बाईने दचकून वहिनीकडे पाहिलं.

"विसरतात," वहिनी हळूच म्हणाली. "समोर असलं तरी विचारत राहतात. रागावू नका, सांगत राहायचं."

बाईने आपला तळहात दांड्यावर, आईच्या मनगटाखाली ठेवला. "आले, आई," ती म्हणाली. आईला ऐकू गेलं नाही. पुन्हा हात उठला, पुन्हा तिच्या तळहातावर आपटला. "आले! आई, मी आले! आलेय मी!" ती गळ्याच्या शिरा ताणून म्हणत राहिली. वर्गाच्या दाराबाहेर कुणी उभं असतं, तर म्हणालं असतं, ही बाई म्हातारीवर ओरडतेय.